साडेचार किलोमीटरचं दुखणं

माझं घर ते ऑफिस हे अंतर साडेचार किलोमीटर आहे. डहाणूकर कॉलनी ते सेनापती बापट रोड. हा आकडा सांगितला की रोज हिंजवडीला जाऊन-येऊन तीन तास घालवणारी माझी गँग माझ्याकडे अशी बघते, जणू मला म्हाडाची लॉटरी लागलीय आणि मी पार्टी देत नाहीये. 'सॉलिड आहे यार तुझं!' मीपण उगाच मान उडवून 'नशीब लागतं बॉस' वगैरे म्हणायचे. गाडीचं मत काय आहे, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

गाडी म्हणजे आमची डिझेलवाली छोटी एसयूव्ही. २०२१ च्या दसऱ्याला घेतली. झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, फोटोसेशन, सगळं साग्रसंगीत. रंग कुठला घ्यायचा यावर नवरोबा आणि मी तीन आठवडे भांडलो. इंजिन कुठलं घ्यायचं यावर तीन मिनिटंसुद्धा बोललो नाही. कारण ते ठरलेलंच होतं. माझ्या बाबांचं साताऱ्याला हायवेला लागून ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं, चांगलं तीस वर्षं. 'पेट्रोलची गाडी म्हणजे पाहुणा, डिझेलची गाडी म्हणजे घरचा माणूस' हा त्यांचा फंडा. अशा घरात पेट्रोलचं नाव काढणं म्हणजे पंगतीत बसून पिझ्झा मागण्यासारखं.

आणि बाबांचं चुकलं होतं असंही नाही. त्यांचा हिशोब त्यांच्या काळात शंभर टक्के बरोबर होता. २०१२ साली पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक होता. डिझेल घेणारा हुशार आणि पेट्रोल घेणारा एक तर श्रीमंत नाही तर येडा, अशी सरळ वाटणी. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या किमतीवरचा हात काढून घेतला आणि तो फरक हळूहळू आटला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं. बीएस-४ वरून थेट सहावर उडी, पाचवी इयत्ता आपण दिलीच नाही! डिझेल कारमधून निघणाऱ्या काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली. मारुतीने तर या मुहूर्तावर डिझेल कार बनवणंच थांबवलं. एवढं सगळं पेपरात छापून येत होतं तेव्हा आम्ही काय करत होतो? लाल की ग्रे.

तर गेल्या हिवाळ्यातली एक सकाळ. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. नळीला जोडलेला डबा आणि डब्यात ठिपके. मला तो साबुदाण्याचा डबा वाटला. गाडी तर मस्त चालत होती, म्हटलं सर्व्हिसिंगला टाकू तेव्हा बघू. तीन आठवडे मी त्या साबुदाण्याबरोबर सुखाने संसार केला. मग एका सोमवारी, पावणेदहा वाजता, लॉ कॉलेज रोडवर, मागे पीएमटी, बाजूला रिक्षा, आणि माझ्या गाडीतला जीवच गेला. बंद नाही पडली. पण ऍक्सिलरेटर पार खाली दाबला तरी बैलगाडीच्या वरचा वेग घ्यायला तयार नाही. याला म्हणे 'लिम्प मोड' म्हणतात. गाडी लंगडते. आणि मागचे लोक आपल्या खानदानाचा उद्धार करतात.

सर्व्हिस सेंटरचं नाव सांगत नाही. टाय लावलेल्या मुलाने लॅपटॉप जोडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, 'मॅडम, गाडीचं रनिंग किती आहे?'

म्हटलं, 'खूप कमी! अगदी जपून वापरलीय.' मला वाटलं शाबासकी मिळेल.

'तोच तर प्रॉब्लेम आहे, मॅडम. डीपीएफ चोक झालाय.'

डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. पुढचा अर्धा तास त्या मुलाने मला जे समजावलं आणि नंतर घरी बाबांनी त्यात जी भर घातली, ते सांगते. कारण तुमच्यापैकी निम्म्यांकडे हा डबा असेल आणि पत्ताच नसेल. एक्झॉस्टच्या पाइपमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो, शेकडो बारीक नळ्यांचा. एक नळी पुढून उघडी आणि मागून बुजवलेली, शेजारची नेमकी उलटी. धूर एका नळीत शिरतो, पुढे रस्ता बंद, मग नाइलाजाने बाजूच्या सच्छिद्र भिंतीतून पलीकडे जातो. काजळी अलीकडेच अडकते. थोडक्यात, चहाचं गाळणं. हा डबा युरोपात २००० साली प्यूजो ६०७ या गाडीत पहिल्यांदा आला, आपल्याकडे सर्रास आला तो बीएस-६ बरोबर.

आता गाळणं भरलं की आपण काय करतो? उपडं करून आपटतो. इथे ती सोय नाही. इथे गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते. हायवेला लोड घेऊन पळत असताना एक्झॉस्ट एवढा तापतो की बरीचशी काजळी आपोआप जळत राहते, आपल्याला कळतही नाही. ते पुरलं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम थोडं जास्तीचं डिझेल सोडतो आणि फिल्टरचं तापमान सहाशे डिग्रीच्या आसपास नेतो. यालाच रीजनरेशन म्हणतात. साधारण दहा-वीस मिनिटं लागतात. अट एकच, या वेळात गाडी बऱ्या वेगात सलग पळत राहिली पाहिजे.

सलग! पळत!! लॉ कॉलेज रोडवर!!!

तुम्ही म्हणाल, तुझा प्रवास अर्ध्या तासाचा आहे ना? हो, पण त्यातली वीस मिनिटं मी उभी असते. डिझेल इंजिन मुळात तापायलाच वेळ घेतं. माझ्या रस्त्यावर एक्झॉस्ट जेमतेम कोमट होतो तोवर ऑफिसचं पार्किंग येतं. गाडी बिचारी नळ स्टॉपला रीजनरेशन सुरू करायची आणि मी एसबी रोडला चावी फिरवायचे. दूध गॅसवर ठेवायचं, उकळी यायच्या आत गॅस बंद करायचा, वर आणखी थोडं दूध ओतायचं. दिवसातून दोनदा, तीन वर्षं.

आणि गंमत म्हणजे गाडी मला सांगत होती! उभ्या गाडीचं इंजिन नेहमीपेक्षा जरा जोरात फिरायचं, मायलेजचा आकडा मध्येच धाडकन खाली यायचा, गाडी बंद केली तरी पुढचा पंखा भणाणत राहायचा, कधी गरम उग्र वास यायचा. मला वाटायचं, पुण्याची गरमी. हे सगळं मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये होतं. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. सीलबंद.

अजून एक लोच्या. जे जास्तीचं डिझेल काजळी जाळायला सोडलं जातं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. रीजनरेशन सारखं अर्धवट राहिलं की ऑइलची पातळी चक्क वाढते. ऑइल वाढलं म्हणजे चांगलंच की, असं मला वाटलं होतं. बाबांनी डिपस्टिक काढून बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं आणि म्हणाले, 'ह्याचं सरबत झालंय.' पातळ ऑइल म्हणजे बेअरिंगची आणि टर्बोची वाट. त्यात या गाड्यांना कमी राख सोडणारं खास ऑइल लागतं. काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या ऍडिटिव्हजची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची मुक्कामाला राहते. मागच्या वेळी मी कोपऱ्यावर स्वस्तात ऑइल बदलून घेतलं होतं. कुठलं, ते विचारलंसुद्धा नव्हतं.

वॉरंटी? 'मॅडम, हा मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट नाहीये, युसेज पॅटर्न आहे.' हे वाक्य त्या मुलाने इतक्या गोड आवाजात म्हटलं की भांडायलाही सुचेना. गाडी घेताना आम्हाला सीट कव्हरचा रंग विचारला, फोर्टी-सिक्स्टीचं गणित सांगितलं, पेढ्याचा बॉक्स दिला. 'रोज किती किलोमीटर चालवणार?' हा एक प्रश्न विचारायला किती सेकंद लागले असते? मला अजून राग आहे. आणि थोडा स्वतःचाही आहे, कारण मीही सांगितलं नव्हतं.

त्यांनी गाडी मोकळ्या जागेत उभी केली आणि लॅपटॉपवरून जबरदस्तीने रीजनरेशन करवलं. गाडीत कुणी नाही आणि इंजिन एकटंच गर्जतंय, अर्धा तास. भुताटकीच! हा प्रकार वाळक्या पानांवर किंवा गवतावर गाडी उभी करून करायचा नसतो, एवढा तो पाइप तापतो. बिल हजारांत आलं. वर तंबी मिळाली, 'पुन्हा झालं तर फिल्टर बदलावा लागेल. लाखाच्या पुढे जाईल.' आणि काजळी एका मर्यादेपलीकडे साचली की वर्कशॉपमध्येही जाळता येत नाही, उष्णतेने ठोकळाच तडकायची भीती असते, हेही कळलं.

पाच आठवड्यांनी साबुदाणा परत.

आता खरी गोष्ट सुरू होते. ऑफिसमधल्या एकाने नंबर दिला. शहराबाहेरचं गॅरेज, माणूस हुशार, हात सोन्याचा. म्हणाला, 'ताई, कशाला लाख घालताय? वीस हजारात कायमचा ताप संपवतो. आतला ठोकळा काढून टाकायचा, डबा तसाच परत वेल्ड करायचा, बाहेरून ब्रह्मदेवाला कळणार नाही. सॉफ्टवेअर मारतो, दिवा पुन्हा लागायचा नाही. पिकअपपण वाढेल.' पीयूसीचं काय, विचारलं तर हसला.

मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, मी तयार झाले होते. बेकायदेशीर आहे हे ठाऊक होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने बनवलेल्या गाडीत असे मूळ बदल करू देत नाही. ब्रिटनमध्ये तर फेब्रुवारी २०१४ पासून फिल्टर काढलेला दिसला की वार्षिक तपासणीत गाडी नापास. पण आपल्याकडे कोण बघतंय? वीस हजार आणि एक लाख यातला फरक माझ्या महिन्याच्या बजेटला फार स्पष्ट दिसत होता. नवरोबा म्हणाला, 'बाबांना घेऊन जा, त्यांना कळतं. ते फायनल करतील.'

बाबा २०२३ पासून आमच्याकडेच असतात. गॅरेज बंद केलं. जिना चढला की धाप लागते, खिशात इनहेलर असतो. आयुष्यात विडीला हात लावला नाही. छातीच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, 'काय काम करत होता?' बाबांनी सांगितलं तेव्हा डॉक्टर बराच वेळ लिहीत होते. लहानपणी बाबा रात्री घरी आले की मोरीत उभं राहून नाक शिंकरायचे आणि रुमाल काळा व्हायचा. आम्हा भावंडांना ते नॉर्मल वाटायचं. सगळ्यांच्याच बाबांचं नाक काळं असतं अशी माझी दुसरीपर्यंत समजूत होती. डिझेलचा धूर कॅन्सरला कारणीभूत ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केलं, तेव्हा बाबा एका टँकरच्या खाली झोपून सायलेन्सर उतरवत असतील.

गॅरेजमध्ये दोघांची पाच मिनिटांत गट्टी जमली. फ्युएल पंप, जुने लेलँड, खंबाटकीच्या चढावर कुणाचं काय उकळलं, अशा गप्पा रंगल्या. मी घड्याळ बघत होते. मग बाबा म्हणाले, 'काढलेला एखादा फिल्टर असंल तर दाव की.' त्याने कोपऱ्यातल्या ढिगातून एक ठोकळा आणून दिला. बाबांनी तो हातात फिरवला, नळ्या उजेडात धरून बघितल्या, मग फरशीवर हलकेच आपटला. काळी भुकटी सांडली. बाबांनी बोटाच्या चिमटीत घेतली, चोळली.

'लई बारीक हाय,' ते म्हणाले. 'आमच्या वेळची जाड असायची. शिंकरली की निघायची तरी. ही कुठं जायची?'

गॅरेजवाला म्हणाला, 'काका, हवेत उडून जाते.'

'हवा कुणाच्या बापाची हाय?' बाबा हसत म्हणाले. रागावले नव्हते. हात पुसले, खिशातून इनहेलर काढला, एक पफ घेतला, कारण त्या धुळीने त्यांना ढास लागली होती. मग मला म्हणाले, 'चल. राहू दे तो डबा गाडीला. आमच्या नाकाला कुणी लावला नव्हता.'

गॅरेजवाल्याने चहाचे पैसेही घेतले नाहीत. त्याचाही चेहरा जरा पडला होता. तोही त्याच ढिगाशेजारी दिवसभर उभा असतो.

त्या रात्री साडेदहाला बाबांनी मला उठवलं. 'चावी घे.' वारज्याहून हायवेला लागलो. नवले पुलापुढचा तो भयंकर चढ जीव मुठीत धरून चढलो, कात्रजचा बोगदा संपला. बाबा म्हणाले, 'आता चौथ्यातच ठेव. दोन हजाराच्या खाली आरपीएम येऊ द्यायचा नाय. पाचव्यात टाकायची घाई करू नको.' खेड शिवापूर गेलं. दिवा तसाच. नसरापूर फाटा गेला. बाबांनी खिडकीची काच थोडी खाली केली आणि कान बाहेर काढून बसले. 'लागली जळायला,' ते म्हणाले. मला काहीही ऐकू आलं नव्हतं, पण स्क्रीनवरचा मायलेजचा आकडा बघितला तर निम्म्यावर आला होता. सारोळ्याच्या आसपास दिवा विझला. मी एवढ्या जोरात ओरडले की बाबा दचकले. टपरीवर चहा प्यायलो. गाडी बंद करू दिली नाही त्यांनी, पंखा शांत होईपर्यंत.

पुढचे तीन महिने दर रविवारी आम्ही गाडीला फिरायला नेलं. लोक कुत्र्याला नेतात, आम्ही एसयूव्हीला. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, पाचेक लिटर डिझेल. कशासाठी? आठवडाभर साडेचार-साडेचार किलोमीटर करता यावेत म्हणून! बाबांना हे फार आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं नाही बोलणार. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कधी गाडीत बसलो नव्हतो. पण हा काही संसार नव्हे. शिवाय स्वच्छ हवेसाठी पाच लिटर डिझेल जाळणं, यात काहीतरी गंडलंय हे मलाही कळत होतं.

शेवटी ऑफिसमध्ये, लंच अवरमध्ये, एक्सेल उघडली. जे २०२१ मध्ये करायला हवं होतं ते. रोजचे नऊ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, वर्षाचे सत्तावीसशे किलोमीटर. शहरात डिझेल सोळाचं ऍव्हरेज देतं आणि तीच गाडी पेट्रोलवर बाराचं देईल, असं धरलं. पेट्रोल तेव्हा १०४ च्या घरात होतं, डिझेल ९१. वर्षाची बचत आली आठ हजार रुपये. डिझेल मॉडेलसाठी जास्तीचा मोजला होता एक लाख. म्हणजे तो वसूल व्हायला साडेबारा वर्षं! आणि त्यात मधली बिलं धरलेलीच नाहीत. मी शीट सेव्ह न करता बंद केली.

गाडी आता साताऱ्याला आहे. माझ्या चुलतभावाने घेतली. त्याची नोकरी कराडला, रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, सगळा हायवे. त्याला मी फोडून सांगितलं, काय झालं होतं, कुठलं ऑइल घालायचं, बिलं सुद्धा दाखवली. भाव थोडा पाडून घेतला त्याने, भाऊ झाला तरी सातारकर आहे. ऑइल बदलून घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात गाडीचा खोकला थांबला. मी सध्या स्कूटरवर जाते, वीस मिनिटांत ऑफिस. पुढची गाडी सीएनजी की इलेक्ट्रिक, यावर घरात चर्चा चालू आहे. या वेळी रंगाचा विषय मुद्दाम शेवटी ठेवलाय.

परवा रात्री भावाचा फोन आला. 'ताई, आत्ता घराखाली पोचलोय, पण गाडी जरा जोरात घुमतीय. पंखापण लागलाय. बंद करू का?'

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

'थांब रं,' ते म्हणाले. 'बंद करू नको. उलटी वळीव आणि शेंद्र्यापर्यंत एक चक्कर मारून ये.'